मापं कोणाची घ्यायची?

मी बाइंडर. नाशिकच्या जुन्या गावठाणातल्या एका गल्लीत वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. रोजमेळ, खतावण्या, शाळांचे हजेरीपट, कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, एवढ्यावर घर चाललं. हिशेब कॉम्प्युटरवर गेले तशा खतावण्या बंद झाल्या, हजेरी मोबाइलवर गेली, उरले प्रबंध. त्यातल्याच एका प्रबंधाच्या निमित्ताने ओळख झालेल्या फिजिओथेरपिस्ट ताई एकदा दुकानात आल्या आणि खळीचं विचारू लागल्या. मैद्याची करता का? वाळायला किती वेळ लागतो? टिकते किती?

"वाळवी लागली नाही तर माझ्यापेक्षा जास्त," मी म्हणालो.

"आणि काका, तिच्यावर पोर बसलं तर?"

हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. ताई मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर जायच्या. ज्या मुलांना आधाराशिवाय बसता येत नाही त्यांच्यासाठी त्यांना खुर्च्या हव्या होत्या. तयार खुर्ची महाग, ठरावीक मापाची, आणि मूल वाढलं की अडगळीत जाणारी. म्हणून पुठ्ठ्याची. झिम्बाब्वेतल्या बेव्हिल पॅकर नावाच्या गृहस्थांनी टाकाऊ कागद, पुठ्ठा आणि पिठाची खळ एवढ्यावरच टेबल-खुर्च्या करायची पद्धत बसवली आणि ती आफ्रिकेबाहेरही पसरली, असं त्यांनी सांगितलं. मोबाइलवर फोटो दाखवले. एका फोटोत पुठ्ठ्याच्या खुर्चीवर एक जाडजूड माणूस उभा होता. मी फोटो मोठा करून खुर्चीचे सांधे पाहिले. काम नीट होतं.

पुठ्ठ्यातलं मला कळतं. मुलांतलं काही कळत नाही, असं मी आधीच सांगून ठेवलं. ताई म्हणाल्या, "तेच बरंय."

त्र्यंबकेश्वर मागे पडलं की तोरंगण घाट लागतो आणि घाट उतरला की वेगळाच मुलूख सुरू होतो. जिल्हा पालघर, पण पालघर शहर तिथून जव्हार, विक्रमगड, मनोर करत करत गाठायचं, नाशिकच जवळ. पाड्यावर कारवीच्या कुडाची घरं, शेणाने सारवलेली जमीन, दारात नागली वाळत घातलेली. ज्या घरात गेलो तिथला मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचं नाव लिहीत नाही; आजी त्याला राजा म्हणायची, मीही तेच म्हणतो. राजा गोधडीवर उताणा पडलेला होता. आम्हाला बघून तो हसला आणि हसताक्षणी त्याचं सगळं अंग ताठ झालं. मान मागे गेली, पाठ जमिनीवरून उचलली, पाय एकावर एक कात्रीसारखे चढले. मी घाबरून दोन पावलं मागे सरलो. आजी म्हणाली, "काही नाही दादा, खूश झालाय."

आनंदाने माणूस असा ताठ होतो, हे मी प्रथमच पाहत होतो. आणि मला कळेना की याच्याशी बोलायचं कसं. मोठ्याने बोलायचं का? आजीला विचारायचं की त्यालाच? ताई सरळ त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "हे काका तुझी खुर्ची करणार आहेत. आवडले का?" त्याने डोळे वर केले. घरात त्याचा अर्थ 'हो' असा होता. 'नाही'साठी तो तोंड फिरवायचा. म्हणजे दोन शब्दांची भाषा होती आणि ती चार वर्षांच्या बहिणीसह घरातल्या सगळ्यांना येत होती, फक्त मला येत नव्हती.

मी टेप काढली आणि तिथून माझी खरी पंचाईत सुरू झाली. पुठ्ठा मोजताना हलत नाही. राजाची मांडी मोजायला टेप जवळ नेली की पाय सोट्यासारखे सरळ, टेप लांब नेली की पुन्हा सैल. आईने कडेवर घेतला तर एक माप, जमिनीवर ठेवला तर दुसरं. मी ताईंना विचारलं, "यातलं खरं कोणतं?" त्यांनी त्याला उचललं, दोन्ही गुडघे पोटाकडे दुमडले, खुबे वाकवले, आणि बघता बघता ते ताठलेलं अंग मऊ पडलं. मान पुढे आली, हातसुद्धा खाली आले. "पाय ओढून वेगळे करायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "ओढलं की तो आणखी ताठतो. आधी खुबा वाकवायचा, मग बाकीचं आपोआप सुटतं. खुर्चीनं दिवसभर हेच काम करायचं."

मग त्यांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवलं. खुबा, गुडघा, घोटा, तिन्ही ठिकाणी काटकोन. बैठकीची खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंतचं अंतर, त्यातून दोन बोटं वजा. ती वजा केली नाहीत तर कड गुडघ्यामागे रुतते आणि मूल पुढे घसरतं. राजाचं अंतर सत्तावीस सेंटिमीटर भरलं, म्हणून बैठक साधारण चोवीस. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, लोंबकळता कामा नयेत. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक गोल खुंटी, म्हणजे पाय कात्रीत जाणार नाहीत. पुढे कोपराच्या उंचीवर टेकायला फळी. इतकी मापं मी कुठल्याही खतावणीला घेतली नव्हती.

परतीच्या एसटीत मी विचारलं की हे झालं कशानं. ताईंनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं: सेरेब्रल पाल्सीत दोष हातापायांत नसतो. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदूला इजा झालेली असते. बाळ फार लवकर जन्मलं, श्वास कोंडला, कावीळ डोक्यात गेली, मेंदूज्वर झाला, अशी कारणं असतात. पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. ती इजा वाढत नाही आणि बरीही होत नाही. पण मूल वाढतं, आणि ताठलेले स्नायू वाढत्या हाडांना ओढत राहतात, त्यामुळे नुसतं पडून राहिलेलं पोर वर्षागणिक जास्त आखडतं. घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. आजीच्या मते सुनेने पोटुशी असताना ग्रहण पाळलं नव्हतं. सून म्हणाली, दोन रात्री कळा आल्या आणि पोर जन्मल्यावर रडलंच नाही. भगताकडे कोंबडं झालं, बोकड झाला, मग दवाखाने झाले. यातलं कशावर किती गेलं हे मी विचारलं नाही. ज्याने त्याने आपल्याला दिसला तो दरवाजा ठोठावलेला असतो.

आता कामाचं. फ्रीज आणि वॉशिंग मशीनची खोकी सगळ्यात चांगली. पुठ्ठ्याच्या पोटात ज्या नळ्या असतात त्या एका थरात उभ्या, पुढच्या थरात आडव्या लावल्या तर सहा-सात थरांची पाटी फळीसारखी वाजते. थरांमध्ये खळ, वर वजन, सुकू द्यायचं, मग कडा वर्तमानपत्राच्या पट्ट्यांनी मढवायच्या. इथवर मी गाणी गुणगुणत काम करत होतो, कारण हे माझंच काम होतं. अडलं ते मोरचुदावर. बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, त्याशिवाय झुरळ, कसर, वाळवी पुस्तक ठेवत नाही. पण मोरचूद विष आहे आणि राजा हाताला येईल ते तोंडात घालतो. मोरचूद टाकलं तर पोर धोक्यात, नाही टाकलं तर खुर्ची. दुकानात वडिलांच्या फोटोखाली बसून मी या एका गोष्टीवर जितका विचार केला तितका लेकीच्या स्थळांवरही केला नसेल. शेवटी मोरचूद वगळलं. खळ पातळ ठेवून चांगली शिजवली, प्रत्येक थर उन्हात कडकडीत वाळवला, बाहेरून जाड कागद आणि त्यावर शिसं नसलेल्या रंगाचे हात मारले. मोखाड्याच्या पावसात ओल खालून येते, म्हणून पायांच्या तळाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. मग मी स्वतः तिच्यावर बसून पाहिलं. करकरली नाही.

खुर्ची राजाला बसली. पट्टा बांधला, खुंटी मध्ये आली, पाय टेकले, आणि त्याने मान सावरून घरभर नजर फिरवली. उताण्या पोराला आढं आणि कौलं दिसतात. त्याला आता दार दिसत होतं, दारातली कोंबडी दिसत होती. बहिणीने लगेच फळीवर आपली पाटी आणून ठेवली. ताई खूश. मीही खूश.

मग जेवणाची वेळ झाली आणि सगळं बिघडलं. त्या घरात सगळे जमिनीवर बसतात. चूल जमिनीवर, ताट जमिनीवर, पाण्याचा हंडा जमिनीवर. आई शेतावर किंवा कामावर, तेव्हा राजाला भरवते आजी. एरवी ती त्याला मांडीवर आडवा घेऊन भरवायची, आणि तेच ताईंना थांबवायचं होतं. आडव्या पोराची मान मागे गेली की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, ठसका लागतो, छाती भरते, न्यूमोनिया होतो. आता राजा खुर्चीत. आजी खाली बसली तर तिचा हात त्याच्या तोंडापर्यंत दमत दमत पोचायचा. म्हणून ती उभी राहिली. उभी राहून वरून घास द्यायला लागल्याबरोबर राजाने तिच्याकडे बघायला मान मागे टाकली. तीन काटकोन जागच्या जागी होते आणि घास पुन्हा चुकीच्या वाटेला.

मी म्हटलं, खुर्चीचे पाय कापू. जमिनीलगतची बैठक करू, पाय पुढे पसरून. ताई म्हणाल्या, नाही. त्याच्या मांडीमागचे स्नायू इतके आखूड झालेत की पाय सरळ पसरले की ते कमरेला मागे ओढतात, पाठीचं कुबड होतं आणि तो घसरतो. गुडघे वाकलेलेच हवेत, म्हणजे खाली उंची हवीच. पोराचं शरीर एक मागत होतं आणि घर दुसरं. माझं डोकं चालेना.

त्या रात्री ताईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक जयपूर फूटची. परदेशी पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट लागतो, त्यावर उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, चिखलात उतरता येत नाही. म्हणून आपले लोक तो पाय घरी ठेवून कुबड्यांवर परत यायचे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय केला की अनवाणी चालता येईल आणि उकिडवंही बसता येईल. शर्मांचं शिक्षण फारसं नव्हतं, पण माणूस जमिनीवर कसा बसतो ते त्यांनी पाहिलेलं होतं. दुसरी गोष्ट मेक्सिकोतल्या आहोया गावची. तिथे 1981 मध्ये प्रोहिमो नावाचं पुनर्वसन केंद्र सुरू झालं आणि ते चालवणारे गावकरी बहुतेक स्वतःच अपंग होते. त्या अनुभवावर डेव्हिड वर्नर यांनी 1987 मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांवर एक जाडजूड सचित्र पुस्तक काढलं. ताईंची प्रत पार खिळखिळी झाली होती. ती मी बांधायला घेतली आणि बांधता बांधता चित्रं पाहत गेलो. पुष्कळ चित्रांत मूल एकटं नव्हतं. शेजारी आई, भाऊ, बकरी, झाड, काहीतरी होतंच.

मी आजीची मापं घेतली. ती हसून लोळायची बाकी होती. "मला कशाला, मी काय पांगळी?" तिचे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठताना खांब धरावा लागतो, हे सगळं ती हसता हसताच सांगत होती. मी तिच्यासाठी पुठ्ठ्याचा एक पाट केला, जाड आणि बुटका, अशा उंचीचा की त्यावर बसल्यावर तिचे डोळे राजाच्या डोळ्यांच्या किंचित खाली येतील आणि कोपर फळीवर टेकेल. घास समोरून आणि खालून यायला लागला. राजाची हनुवटी छातीकडे राहू लागली. ताईंनी पेज घट्ट करायला सांगितली, कारण पातळ पेज जीभ सावरायच्या आत घशात पळते. ठसका पूर्ण थांबला असं म्हणणार नाही, पण आजी आता भरवताना गप्पा मारते, आधी ती श्वास रोखून भरवायची.

पुढच्या खेपेला शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी मला गाठलं. त्यांच्या घरात अपंग मूल नव्हतं. त्यांना पाट हवे होते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि त्यात सेरेब्रल पाल्सी स्वतंत्र प्रकार म्हणून आली. चाळीस टक्के किंवा वर प्रमाणपत्र मिळालं तर बऱ्याच योजनांचं दार उघडतं, 'निरामय'सारखा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर 2013 च्या फेब्रुवारीत पालघरलाच सुरू झाला. सगळं आहे. फक्त शिबिराची तारीख आली तेव्हा राजाचे आईबाप त्याला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले होते. दिवाळीनंतर अर्धा पाडा रिकामा होतो आणि पावसाच्या तोंडावर भरतो. शिबिरं नेमकी मधल्या काळात होतात. पुढे आधार काढताना यंत्रावर राजाची मूठ उघडेना, तेव्हा यंत्रावरचा मुलगा हताश होऊन बसला. ताईंनी राजाचं मनगट हलकेच खाली दुमडलं आणि बोटं आपोआप उमलली. यंत्रावरच्या पोराने मला विचारलं, "काका, ही जादू कुठे शिकवतात?" मला काय ठाऊक.

खुर्चीसुद्धा पिकअपमध्ये भट्टीवर गेली होती. मला धास्ती होती की आता ती संपली. परत आली तेव्हा विटांच्या धुळीने लाल झाली होती, एक कोपरा उंदराने कुरतडला होता, बाकी ठणठणीत. कागदाला भट्टी मानवते. त्याचा वैरी घरचा पाऊस आहे, आणि त्या पावसात खुर्ची माळ्यावर चुलीच्या धुरात ठेवायची हे आजीनेच ठरवलं. नागलीचं बी तिथेच ठेवतात.

एवढ्यावर मला वाटायला लागलं होतं की आता जमलं. तेवढ्यात ताई मला दुसऱ्या पाड्यावर घेऊन गेल्या. तिथली मुलगी बारा वर्षांची, तिलाही तोच आजार, पण अंगाने भरलेली. मी टेप काढली तर तिची आई म्हणाली, "खुर्ची नको."

"का हो?"

"बसायचं काय, भिंतीला टेकवली की बसते ती. तिला बाहेर न्यायचं कसं ते सांगा."

बाहेर म्हणजे परसाकडे. लहान होती तोवर आई कडेवर न्यायची. आता तिचं वजन आईइतकं झालं होतं आणि गेल्या काही महिन्यांपासून पाळी सुरू झाली होती. सरकारी अनुदानातला संडास परसात होता, पण त्याला दोन उंच पायऱ्या, दार अरुंद, आत उकिडवं बसायचं भांडं. आई तिला आत धरून उभी राहू शकत नव्हती, तेवढी जागाच नव्हती. मग घरातच, चिंध्या आणि राख. त्या बाईने हे सगळं माझ्यासारख्या परक्या पुरुषाला सांगितलं, नजर वळवून का होईना पण सांगितलं, आणि मुलगी तिथेच बसून ऐकत होती. तिला सगळं समजत होतं. ती लाजली. मी वहीत डोकं खुपसलं.

पुठ्ठ्याचा इथे उपयोग नव्हता. रोज पाणी लागणार. मी मोखाड्याच्या बाजारातला सुतार गाठला आणि लाकडाची चौकट सांगितली, मध्ये भोक, खाली बादली सरकवायला जागा, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. सुताराने विचारलं, हे ठेवणार कुठे? मी म्हटलं, संडासात. तो म्हणाला, दार किती रुंद आहे ते माहीत आहे का? परत पाड्यावर. संडासाच्या दारातून चौकट आत जाणार नव्हती. आईनेच तोड काढली. न्हाणीला लागून कुडाचा आडोसा करायचा, चौकट तिथे ठेवायची, घरातून तिथपर्यंत पायरी नाही. बापाने कारवी आणायचं कबूल केलं. मुलीला विचारलं तर तिने हात हलवून आडोशाला दार हवं असं सांगितलं. नुसतं फडकं नको, दार. मी ते लिहून घेतलं.

चौकट तयार झाल्यावर आईने मुलीला बसवायच्या आधी स्वतः बसून पाहिलं. दांडे धरले, पुढे झुकली, मागे टेकली.

"पाठ कमी आहे. दमली की ती मागे पडते. अजून चार बोटं वाढवा."

मी टेप काढली. तिने ती बाजूला सारली आणि पाठीच्या वरच्या कडेवर स्वतःची चार बोटं आडवी ठेवली. सुताराने पेन्सिलने खूण केली. मग मी तीच बोटं टेपने मोजली आणि लिहिलं: साडेसहा सेंटिमीटर.